बिनपायांची चाल

कृमी ओळखायचा तर त्याचं तोंड शोधत बसू नये, चाल पाहावी. रंग फसवतो, लांबी फसवते, आणि तोंड शोधायला गेलं तर अर्ध्या वेळा शेपटीकडेच टक लावून बसायची पाळी येते. चाल मात्र लपत नाही. पाय नाहीत, हाड नाही. बहुतेकांकडे भांडवल एवढंच, भोवती स्नायू आणि आत कोंडलेलं पाणी. पाण्याने भरलेला फुगा मधे आवळला की लांबतो, त्यातलाच हा प्रकार.

(सुरवंट आणि अळ्या या पंगतीत बसत नाहीत. माशीची अळी बिनपायी असते खरी, पण तिला कोष करून पुढे पंख फुटायचे असतात. कृमी जन्मभर कृमीच.)

सुरुवात गांडुळापासून करावी, कारण त्याला भिंगही लागत नाही. ओलं गांडूळ कोरड्या, जरा खरबरीत कागदावर ठेवा आणि कान जवळ न्या. बारीक खरखर ऐकू येते. ते त्याचे राठ केस. ते कागदात रुततात आणि पकड देतात. आता पाहा: शरीराचा एक भाग आखूड आणि जाड होतो, तिथले केस बाहेर येतात, तो भाग घट्ट रोवला जातो, पुढचा भाग बारीक होऊन लांबतो. ही लाट पुढून मागे जाते आणि गांडूळ मागून पुढे सरकतं. आडवे स्नायू आवळले की लांबी, उभे आवळले की जाडी. प्रत्येक वलयाला आतून पडदा असल्यामुळे पाणी सगळीकडे पळत नाही, म्हणून एकाच वेळी इथे जाड, तिथे बारीक होता येतं. शरीरावरचा जाडसर, फिकट पट्टा ज्या टोकाला जवळ, तिकडे डोकं. कागदावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये. श्वास कातडीतून चालतो आणि कातडी सुकली की तो गुदमरतो. दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, ही समजूतही सोडून द्यावी. पुढच्या तुकड्याला नशिबाने शेपूट फुटते. मागचा तुकडा काही वेळ वळवळतो आणि मरतो.

डार्विनने १८८१ साली आपलं शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं. कुंडीतल्या गांडुळांजवळ पियानो वाजवला तर ती ढिम्म. कुंडी पियानोवर ठेवून एकच सूर छेडला की बिळात पसार. आवाज नाही, हादरा कळतो.

जळू याच वलयी घराण्यातली, पण तिने केस टाकून दोन्ही टोकांना चूषक घेतले. मागचा चिकटवायचा, अंग ताणायचं, पुढचा चिकटवायचा, मागचा ओढून घ्यायचा.

गोल कृमींची गोष्ट निराळी. यांच्याकडे आडवे स्नायूच नाहीत, फक्त उभे. त्यामुळे जाड-बारीक होणं जमत नाही; वर ताठ कातडं, आत दाब, आणि मग उरतं काय, तर एका बाजूला वाकून दुसऱ्या बाजूला फटका मारणं. मातीत हे अफाट संख्येने असतात आणि त्यांना बाहेर काढायची युक्ती त्यांच्या या अडाणी पोहण्यावरच बेतलेली आहे. नरसाळ्याला रबरी नळी जोडून चिमटा लावा, नरसाळं पाण्याने भरा, मलमलीत मातीचा पातळ थर ठेवून तिचा तळ पाण्याला जेमतेम टेकवा. कृमी वळवळत कापडातून खाली येतात, पण पाण्याला रेटून वर चढू शकत नाहीत; २४ तासांत नळीच्या तळाशी गोळा होतात. चिमटा सैल करून पहिलं थोडंसं पाणी घ्यायचं, बस्स. थर जाड झाला की प्राणवायू संपतो आणि कृमी आतच मरतात. नळीत बुडबुडा अडकला तर वाटच बंद. माणसाच्या आतड्यातला जंतही याच जातकुळीचा: मादी २० ते ३५ सेंटिमीटर आणि रोजची सुमारे दोन लाख अंडी. नर लहान, शेपटी आकड्यासारखी वळलेली.

चपट्यांमध्ये पोकळीच नाही, सगळं अंग भरीव. गोड्या पाण्यातला प्लॅनेरिया काचेवर ठेवला तर कुठेच हालचाल दिसत नाही, तरी तो पुढे जातो. पोटाखाली असंख्य सूक्ष्म केसांची वल्ही आणि खाली स्वतःच सोडलेला चिकट रस. तोंड पोटाच्या मध्यावर, आणि खाल्लेलं जिथून आत तिथूनच उरलेलं बाहेर. याचे तुकडे केले तर मात्र खरोखरच प्रत्येकाचा नवा प्राणी होतो.

पट्टकृमी चपटाच, पण त्याने तोंड आणि आतडं दोन्ही सोडलंय. अन्न कातडीतूनच शोषायचं. डोक्याने आतड्याला चिकटून राहायचं आणि मागे खंड वाढवत जायचे. गंमत म्हणजे गाईगुरांच्या मांसातून येणाऱ्या जातीचे पिकलेले खंड सुटले की स्वतःच चालत बाहेर येतात. असा खंड दोन काचांमध्ये दाबून उजेडात धरावा आणि गर्भाशयाच्या एका बाजूच्या फांद्या मोजाव्यात: १५ किंवा जास्त असतील तर तीच जात, १३ पर्यंत असतील तर डुकराच्या मांसातली. मोजताना हातमोजे हवेतच, कारण या दुसऱ्या जातीची अंडी पोटात गेली तर तिची पिल्लं थेट मेंदूत घर करू शकतात.