परमिट कुणाच्या नावावर?

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेलं. त्या झाडांखाली आमच्या विजेच्या तारा. मी तेव्हा त्या भागात कनिष्ठ अभियंता होतो. मदतीला घाटावरून लाइनमनच्या टोळ्या आल्या. कामात तरबेज माणसं, पण इथली वाट त्यांना ठाऊक नव्हती.

दिवेआगरकडच्या अकरा केव्ही लाइनवर कोल्हापूरकडची टोळी लावली. सोबत आमची एक तरुण तंत्रज्ञ, जवळच्याच गावातली. त्या लाइनचा, म्हणजे फीडरचा, पोल न् पोल तिला पाठ. तरी उपकेंद्रात ती सगळ्यांची ‘नवी पोरगी’, आणि तीही तशीच वागायची. ठाऊक असलेली गोष्टसुद्धा आधी ज्येष्ठांकडे बघून मग बोलायची.

लाइन तोडणारे एबी स्विच उघडले होते, परमिट, म्हणजे बंद लाइनवर काम करायची लेखी परवानगी, माझ्या नावावर होतं, एक जण पोलावर चढायच्या बेतात होता. तेवढ्यात ती म्हणाली, “थांबा. पुढच्या लॉजवर जनरेटर आहे. चेंजओव्हर बसवलेला नाहीये त्यांनी.” चेंजओव्हर म्हणजे जनरेटर चालू असताना त्याला आमच्या लाइनपासून तोडून ठेवणारा स्विच.

लाइन बंद असली तरी अशा जनरेटरची वीज डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी फिरली, तर वरच्या तारांवर अकरा हजार व्होल्ट येऊ शकतात. टोळीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. जनरेटर कुठे आहे, हे फक्त तिला माहीत होतं.

बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आत टोळीचे म्होरके, निवृत्तीला आलेले प्रधान तंत्रज्ञ, तिला म्हणाले, “ताई, आता तुम्ही सांगाल तेव्हाच पोरगं वर चढंल.”

मग तिने सांगितलं आणि सगळे हलले. लॉजच्या डीपीचे डीओ, म्हणजे फ्यूज, उतरवले, तारांत उरलेली वीज जमिनीत सोडायला डिस्चार्ज रॉड लावला, दोन्ही बाजूंनी तारा जमिनीशी जोडून अर्थिंग केलं. मी परमिट परत करून तिच्या नावावर घेतलं. दुपारनंतर ती माझ्याकडे बघायची थांबली. कोण कुठे जाईल, कुठली तार आधी ओढायची, तीच ठरवत होती.

स्कॉट डीरू आणि सुसान अ‍ॅशफर्ड या अभ्यासकांनी २०१० साली मांडलंय की कुणीतरी नेतेपणावर दावा करतो, समोरचा तो मान्य करतो आणि या देवघेवीत नेता व अनुयायी दोघांचीही ओळख घडते. हे मी पुढे वाचलं, तेव्हा मला ते प्रधान तंत्रज्ञच आठवले. तिने धीर केला हे खरंच, पण माझ्या लेखी त्यांची कृती अधिक मोठी. एवढी नोकरी झालेला माणूस आपल्याच पोरांसमोर तिच्या शब्दाखाली काम करायला उभा राहिला. पोरांच्या मनातला त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही.

संध्याकाळी तिनेच उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन केला, “माणसं खाली, अर्थिंग काढलं, परमिट परत.” लाइन चार्ज झाली.

टोळी गेली आणि उपकेंद्रात ती पुन्हा ‘पोरगी’ झाली. ज्यांनी तिला मानलं ते कोल्हापूरला गेले होते. आमची जुनी मंडळी त्या पोलाखाली नव्हतीच. म्हणून त्या फीडरचं परमिट मी कायम तिच्याच नावावर घ्यायला लावलं. सुरुवातीला लाइनवरून लाइनमनचे फोन मलाच यायचे, “साहेब, चढू का?” मी म्हणायचो, परमिट तिच्याकडे आहे, तिला विचारा. हळूहळू बहुतेक जण तिलाच विचारू लागले. दोघे मात्र अजूनही आधी मला फोन करतात. मी त्यांना तिचाच नंबर देतो.