हर्णैचं उथळ पाणी

"अजून अर्धा तास उशीर केला असतात, तर खडक वर आले असते," होडीचा तांडेल मामाला म्हणाला. दोष अर्थात माझा होता. दापोलीत मिसळीच्या दुसऱ्या पावाचा मोह मलाच आवरला नव्हता. सुकती म्हणजे ओहोटी लागलेली, होडीत आम्ही सहाजण आणि समोर सुवर्णदुर्ग. हर्णैहून पंधराएक मिनिटांत पोचलो. शेवटी गुडघाभर पाण्यात उड्या टाकल्या, त्यात माझी एक चप्पल दर्याला अर्पण झाली. उरलेली हातात घेऊन मी अनवाणीच गडात शिरलो.

दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही. पायरीवर कोरलेलं कासव, शेजारी तटावर मारुती. आत मात्र रान माजलंय. पडकी जोती, विहिरी, आणि पायाला टोचणारं सगळं काही.

मी आलो होतो ते कान्होजी आंग्र्यांसाठी. शाळेत आमचं आरमार शिवाजी महाराजांपाशी सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. पण १६८९ साली काय अवस्था होती बघा. संभाजीराजांची हत्या झालेली, रायगड पडलेला, राजाराम महाराज थेट जिंजीला. औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला आणि समुद्रावर त्याच्या बाजूनं जंजिऱ्याचा सिद्दी. सुवर्णदुर्गालाही सिद्दीचा वेढा पडला. किल्लेदार अचलोजी मोहिते फितूर व्हायच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी त्यालाच कैद करून गड झुंजवला, असं सांगतात. ही गोष्ट तांडेलानं अशी सांगितली, की जणू काल सकाळी तो स्वतः तटावर होता.

सिधोजी गुजरांनंतर, १६९८ च्या सुमारास, कान्होजी आरमाराचे प्रमुख झाले, सरखेल झाले. पुढं राजाराम महाराज गेले, ताराबाईंनी लढा चालवला आणि १७०७ साली औरंगजेब नगरला वारला. घाटावर संताजी-धनाजींनी मोगलांना पळता भुई थोडी केली, हे आपल्याला पाठ असतं. खाली कोकणपट्टी कुणी सांभाळली, हे विचारायचं राहून जातं.

पण कशी सांभाळली? याचं उत्तर मला परतीच्या होडीत मिळालं. पाणी इतकं उतरलं होतं की तळाची वाळू दिसत होती. तांडेल इंजिन बंद करून बांबूनं रेटत होता आणि होडी आरामात सरकत होती. मोठं जहाज इथं आलं असतं तर रुतलंच असतं. आंग्र्यांची ताकद ती हीच. गुरबं ही लढाऊ जहाजं दोन-तीन डोलकाठ्यांची, गलबतं त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की शत्रूचं थोराड जहाज जागच्या जागी. मग गलबतं गुरबांना ओढत त्याच्या पिछाडीला नेणार आणि नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा सुरू. अंगावर आलंच कुणी, तर खाडीत शिरायचं. तिथं मागं येणार कोण?

इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं. आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून जाता येत नव्हतं, हे खरं दुखणं. १७१७ साली इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, १७१८ ला खांदेरीवर, १७२१ ला पोर्तुगीजांना घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर. तिन्ही वेळा हात हलवत परत. १७२९ ला कान्होजी वारले. समाधी अलिबागला आहे. सुवर्णदुर्ग इंग्रजांनी जिंकला तो १७५५ साली, आणि तेव्हा पेशवेच त्यांच्या जोडीला होते. हे वाक्य लिहितानाही हात जड होतो.

संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव लागला. मोठे ट्रॉलर लांब खोल पाण्यात थांबलेले, लहान होड्या माल भरून किनाऱ्याकडे पळत होत्या. मामा एका कोळणीशी बांगड्यावरून दहा मिनिटं हुज्जत घालून शेवटी तिनं सांगितलेल्याच भावाला घेऊन आला. मी तोवर चप्पलच्या दुकानाची चौकशी करत होतो.