गच्चीवरचं गवत : वास अखेर सापडला!

मंडळी, गच्चीवरच्या आमच्या कृत्रिम गवताला चिकूच्या, म्हणजे आमच्या कुत्र्याच्या, शूचा वास कुठून येतो ते सापडलं! झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खनिजाचे दाणे, गवतात भरतात ते) बदललं, एन्झाइम क्लीनर मारून झाला, तरी दुपारी ऊन तापलं की गच्चीच्या दारात अमोनियाचा भपकारा यायचाच, हे मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं. सकाळी काही नाही, रात्री काही नाही, बारा वाजून गेले की डोळ्यांत पाणी. माझा संशय झिओलाइटवर होता, तुमच्यातल्या काहींचा कोब्यावर. दोन्ही निर्दोष निघाले. चोर बॅकिंगमध्ये, म्हणजे गवताच्या पाठीवरच्या थरात होता.

रविवारी चिकूच्या लाडक्या कोपऱ्यातलं, म्हणजे टाकीच्या खांबालगतचं गवत सरळ उलटं केलं. गवताखालचे ड्रेन सेल (पाणी वाहून जायला अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या जाळ्या) कोरडे, कोबा कोरडा, पाणी जायच्या नहाणीकडचा उतार चोख. पण गवताच्या पाठीवरचा काळा लॅटेक्सचा थर बोटाला चिकट लागला, तोही सगळीकडे नाही. निचऱ्याच्या प्रत्येक भोकाभोवती बोटभर जागा स्वच्छ, आणि दोन भोकांच्या मधला पट्टा पिवळट आणि ओलसर. नाक लावलं आणि खात्रीच पटली.

माझ्या ३५ मिमी उंचीच्या गवताच्या रोलला भोकं चार-चार इंचांवर आहेत. पावसाला ती पुरतात, कारण पाणी भरपूर असतं आणि वाट काढत जातं. कुत्र्याची शू ती केवढी! भोकापर्यंत पोचायच्या आतच ती गवतात भरलेल्या वाळूखाली पसरते, पात्यांच्या शिवणीच्या टाक्यांमधून झिरपते आणि लॅटेक्समध्ये मुरते. तिथे जिवाणूंचं युरिएज नावाचं एन्झाइम शूतल्या युरियाचा अमोनिया करतं आणि ऊन चढलं की तो वर येतो. झिओलाइट अमोनियम धरतं हे खरंच आहे, पण जे त्याच्याजवळ थांबतं तेच. त्याला ओलांडून खाली मुरलेल्याचं ते काय करणार?

उपाय : जाड टोकाची सोल्डरिंग आयर्न. जुन्या भोकांच्या मध्ये, पाठीकडून, टाक्यांच्या दोन ओळींमध्ये नवी भोकं पाडली. ड्रिल वापरू नका, धागे त्याला गुंडाळून ओळच्या ओळ उसवते. तापलेल्या टोकाने कड वितळून बंद होते. धूर वाईट येतो, तेव्हा मास्क लावून उघड्यावर करायचं आणि कुत्रं घरात ठेवायचं. मग पाठीवर भरपूर पाणी ओतलं, एन्झाइम मारला आणि वर ओलं गोणपाट टाकून रात्रभर ठेवलं. हे गोणपाट फार महत्त्वाचं आहे. एन्झाइमला काम करायला ओल लागते. पुण्याच्या एप्रिलमध्ये सकाळी मारलेला क्लीनर चहा होईपर्यंत वाळतो आणि आपण बाटलीला नावं ठेवतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गुडघे टेकून हुंगलं. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, बाकी काही नाही! संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवून आपणहून सांगितलं, "अहो, आता वास येत नाही हो." इतका आनंद मला गवत पहिल्यांदा अंथरलं तेव्हाही झाला नव्हता.

नव्याने घेणाऱ्यांसाठी : दुकानात सगळे "किती एमएम?" एवढंच विचारतात. तुम्ही बॅकिंग विचारा. पॉलीयुरेथेनचं बॅकिंग महाग पडतं, पण लॅटेक्ससारखं ओल पीत नाही. सँपल उलटं करून हाताने वाकवून बघा, पेलाभर पाणी ओतून ते कुठून आणि किती वेळात खाली येतं ते बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. इनफिलला, म्हणजे पात्यांमध्ये भरायला, काळा रबराचा चुरा अजिबात नको, उन्हात तो भयंकर तापतो. झिओलाइट एक-दोन मिमीच्या दाण्याचं घ्या, भुकटीचा नुसता चिखल होतो. ते मिठाच्या पाण्यात भिजवून पुन्हा ताजं करता येतं, पण बादलीत करा आणि ते पाणी संडासात ओता. स्लॅबवर नाही, मिठाने आतली सळई गंजते. आणि वास मारायला ब्लीचिंग पावडर कधीही नको. अमोनियाशी मिळून विषारी क्लोरामाइन वायू होतो. काळं फिनाईलही कुत्र्यांना घातक.

आता उष्णतेचं. यूटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या २००२च्या मोजणीत पाणी मारल्यावर कृत्रिम गवताचं तापमान सुमारे ७९ अंश सेल्सिअसवरून २९ वर आलं, पण पाच मिनिटांत ४९ आणि वीस मिनिटांत परत ७३ झालं. म्हणजे पाणी मारणं हे चिकूला पटकन शू करून आत आणण्यापुरतंच. खरा उपाय सावली. ७५ टक्क्यांची शेडनेट जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवर ताणली आहे, आणि एक बाजू सुरगाठीने बांधली आहे, वळवाचं वारं सुटलं की एका हिसक्यात सोडता येते. वळवात फाटलेली नेट आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात कुणाच्या तरी गच्चीवर लोंबत असते.

पुढचा बेत सगळी गच्ची पॉलीयुरेथेनवाल्या गवताने बदलायचा होता, कोटेशनही आलं आहे. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? नव्वद टक्के शू त्या एका कोपऱ्यात होते. तेवढाच दोन बाय तीन फुटांचा तुकडा कापून वेगळा करायचा, तसेच दोन बनवायचे, एक वापरात आणि एक उलटा करून उन्हात. बाकीचं लॅटेक्सवालं गवत आहे तसं चालेल. कोटेशन आजच रद्द करतो.

अडचण फक्त कडेची. तुकडा रोज काढता आला पाहिजे आणि चिकूने नखांनी उचकटता कामा नये. वेल्क्रोचा गोंद आपल्या उन्हात कुणाचा टिकलाय का? टिकला असेल तर कुठला आणि खाली काय चिकटवलं होतं, ते सांगा. पावसाळ्याआधी हे काम उरकायचं आहे.