मगाला बशी नसते

"याला बशीच नाही, मग चहा प्यायचा कसा?" दुपारी आईनं विचारलं आणि मगातला चहा सरळ स्टीलच्या वाटीत ओतून फुर्रकन प्यायली. हा मग अंद्रेट्याचा. लाल मातीचा, पांढऱ्या लेपात फणी ओढल्यासारख्या नागमोडी रेघा, कानाशी कुंभाराच्या अंगठ्याचा खळगा. माझा अंगठा तिथं बरोब्बर बसतो, म्हणून तर घेतला. आईला त्याचं काही नाही.

अंद्रेटा म्हणजे हिमाचलात पालमपूरजवळचं एवढंसं गाव. मागे धौलाधारची डोंगररांग अगदी अंगावर आलेली, खाली भातखाचरं, जुन्या घरांवर पाटीच्या दगडाची छपरं. एवढ्यावर खरं तर गावाचं भागलं असतं. पण तिथं नोरा रिचर्ड्स येऊन राहिली. मूळची आयर्लंडची नटी. 1911 साली प्राध्यापक नवऱ्याबरोबर लाहोरला आली आणि तुमच्याच घरादारावर, पंजाबीत नाटकं लिहा, असा कॉलेजातल्या पोरांमागे धोशा लावला. नवरा गेल्यावर ती इंग्लंडला गेली, पण परत आली ती या डोंगरात. मातीचं घर बांधलं, उघड्यावर रंगमंच केला आणि नाटकं बसवली. पृथ्वीराज कपूरही तिच्याकडे येऊन गेले.

फाळणीच्या वेळी लाहोर सोडून चित्रकार सोभासिंग इथं आले आणि इथलेच झाले. त्यांना तर मी लहानपणापासून ओळखतो, फक्त नाव ठाऊक नव्हतं. नांदेडला आजोळी कोपऱ्यावरच्या सरदारजींच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गुरू नानकांचा फोटो असे. अर्धे मिटलेले डोळे, पांढरी शुभ्र दाढी, आशीर्वादाचा हात. खाली ऑइलचे डबे, वर ते डोळे. मामा नटबोल्ट निवडत बसे आणि मी फोटोकडे बघत. ते चित्र सोभासिंगांचं, 1969 मधलं, गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंतीच्या वेळचं. आता ट्रकच्या काचेवर, ढाब्याच्या गल्ल्यामागे, कुठंही दिसतं. खाली चित्रकाराचं नाव कोण वाचतो?

चित्राचं बरं असतं, छापता येतं. नोराच्या नाटकांचं काय? ती झाली त्या संध्याकाळीच संपली. पुढं बसलेली माणसंही आता बहुतेक नसतील. ती स्वतः 1971 मध्ये गेली. मागे उरलं मातीचं घर, आणि मातीच्या घराला तर दर पावसाळ्यानंतर लिंपायला माणूस लागतं.

पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठानं मात्र ते घर डागडुजी करून उभं ठेवलंय. 29 ऑक्टोबरला, तिच्या वाढदिवसाला, तिथं नाटकंही होतात म्हणे. एकदा जायला हवं. पण ऐन दिवाळीच्या आगेमागे पठाणकोटचं तिकीट मिळायला नको?