आमची वाटचाल : फिकट निळा कागद आणि तो एक दिवस

लंडनमधल्या वेम्बलीतल्या आमच्या छपाईच्या दुकानात आधी लग्नपत्रिका आणि मंडळांच्या दिवाळी कार्यक्रमांची पत्रकं छापली जायची. नोव्हेंबर २००५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा लायसन्सिंगचा नवा कायदा पूर्ण लागू झाला आणि आमचा धंदाच बदलला. दारूविक्रीचा नवा परवाना मागायचा तर दारावर फिकट निळी नोटीस लावणं आलं, आणि त्या नोटिशी छापून लावून देणं हे आमचं काम झालं. कागद निदान ए-फोर, शाई काळी, अक्षर १६ पॉइंटच्या खाली नाही, आणि अर्जाच्या दुसऱ्या दिवसापासून सलग २८ दिवस. जागा ठराविक आकाराहून मोठी असेल तर रस्त्याच्या कडेने दर ५० मीटरला आणखी एक.

हे शेवटचं कलम माझ्या भागीदाराने सोन्यासारखं ओळखलं. तो मिरजेचा, तरुणपणी सर्व्हेअरच्या हाताखाली राबलेला. चाकाची टेप त्याने पहिल्याच आठवड्यात विकत घेतली. पावसात ती ढकलत तो इमारतीला फेरी मारायचा आणि मोजमाप वहीत टिपायचा. ते चाक आजही आमच्याकडे आहे. रबर दोनदा बदललं, दांडा तोच.

मग २०१० आलं. तोवर लॅप डान्सिंगचे, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर अंगप्रदर्शनाचे नाच होणारे, क्लब याच निळ्या नोटिशीच्या परवान्यावर चालायचे. आजूबाजूचा परिसर कसला आहे, शेजारी शाळा आहे का, हे मुद्दे मांडायला रहिवाशांना फारसा वाव नव्हता. एप्रिलपासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे तिथल्या नगरपालिकांना, हे क्लब स्थानिक कारभाराच्या १९८२ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाखाली घेता येऊ लागले. जुन्या सेक्स शॉपचे परवाने त्याच परिशिष्टाखाली होते. इथला हिशोब वेगळा. नोटीस २१ दिवस, आणि मोजणी अर्जाच्या तारखेपासूनच. स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात ७ दिवसांच्या आत. पोलिसांना अर्जाची प्रत ७ दिवसांत. हरकती २८ दिवसांपर्यंत. निळ्या रंगाची सक्ती नाही, कौन्सिल ठरवेल तो नमुना.

२०११ मध्ये एका क्लबचं काम लायसन्सिंग एजंटाकडून, म्हणजे परवान्याचे अर्ज करून देणाऱ्याकडून, आमच्याकडे आलं. शुक्रवारी सकाळी त्याचा ईमेल आला : अर्ज दिला आहे, नोटीस लावा. दोन तासांत आम्ही लावली. अर्ज त्याने गुरुवारीच दिला होता, ते ईमेलमध्ये नव्हतं. तारीख मी विचारायला हवी होती, ती विचारली नाही. एवढी चूक माझी, आणि ती मी त्याच दिवशी कबूल केली. पण पहिला दिवस बुडाला होता. रहिवाशांनी ते नेमकं पकडलं आणि कौन्सिलने अर्ज नव्याने करायला सांगितलं.

या परवान्यांच्या फीचे आकडे माहीत असतील त्यांना क्लबवाल्याचा संताप कळेल. सोहोच्या सेक्स शॉपना वेस्टमिन्स्टर कौन्सिलने २०११-१२ साठी २९,१०२ पौंड लावले होते, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या क्लबची फी तेवढी नव्हती, तरी घाव मोठा होता. एजंटाने सगळा दोष आमच्यावर ढकलला. बिल बुडालं ते बुडालंच. 'यांना दिवस मोजता येत नाहीत' असं त्याने त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. सात महिने क्लबचं, पबचं एकही काम आलं नाही. भागीदाराने मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे दुकानाच्या भाड्यात घातले. ते मी फेडले, पण त्याने ते काढून दिले तेव्हाचा त्याचा चेहरा विसरलेलो नाही.

त्या काळात आम्हाला तारलं ते कोपऱ्यावरच्या गुजराती काकांनी. त्यांचं किराणा आणि दारूचं दुकान. पैसे आगाऊ द्यायचे, आणि ओळखीच्या दुकानदारांना हाताला धरून आमच्याकडे आणायचे. पहाटे शटर उचलताना आधी नोटीस बघायचे, कोपरा सुटला असेल तरी फोन करायचे. रोजचा एक फोटो काढून ठेवायची सवय मला त्यांनी लावली. काचेच्या आत लावलेली नोटीस शटर पडलं की दिसत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. क्लबच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. क्लब रात्री उघडतो, माणसं जातात दिवसा. कायदा म्हणतो, लोकांना सहज वाचता येईल अशी जागा. म्हणून नोटीस बाहेरच्या भिंतीवर, लॅमिनेट करून, डोळ्यांच्या उंचीवर.

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगतो. अर्ज दाखल झाल्याची पोच हातात आल्याशिवाय तारीख छापू नका. गावचं वर्तमानपत्र साप्ताहिक असेल तर सात दिवसांत बहुधा एकच अंक मिळतो. जागा अर्जाच्या आधीच राखून ठेवा. आणि कुणी रहिवासी नोटिशीजवळ थांबून काही विचारू लागला तर त्याला नीट सांगा : हरकत लेखी द्यायची, कारण थोडक्यात लिहायचं, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचं नाव-पत्ता अर्जदाराला कळवत नाहीत. पैसे क्लबवाला देतो म्हणून हे लपवू नका. नोटीस त्या रहिवाशासाठीच असते.

नंतरची वर्षं बरी गेली. त्या एजंटाने मात्र आजवर एका शब्दाने चूक मानलेली नाही. त्याचा तो ईमेल मी छापून फाइलला लावून ठेवला आहे. वर वार शुक्रवार, वेळ सकाळी ९:४०. दुकानात येणाऱ्या कुणालाही मी तो दाखवतो.