ओल्ड केंट रोड ते मेफेअर: आमच्या पबफेरीचं प्लॅनिंग

लंडनमध्ये एक जुनं खूळ आहे, मोनोपॉली पब क्रॉल. म्हणजे काय तर मोनोपॉलीच्या लंडनवाल्या पटावर जेवढी ठिकाणं आहेत त्या प्रत्येक ठिकाणी जायचं, तिथल्या एका पबमध्ये एक ड्रिंक घ्यायचं आणि पुढे सटकायचं, आणि हे सगळं एकाच दिवसात. आपण लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत जो व्यापार खेळायचो ना, घरभर नोटा पसरून आणि शेवटी भांडून, त्याच जातीचा खेळ, फक्त इथल्या पटावर इथलेच रस्ते. इथे कॉलेजची पोरं करतात, लग्नाआधी मित्रांना घेऊन नवरदेव करतात, आणि आता आमचा मराठी ग्रुप करणार आहे, ज्यात सगळ्यांची चाळिशी तरी आलीय किंवा दारात उभी आहे. प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलंय कारण ग्रुपमध्ये एक्सेल उघडायला मी एकटीच हौसेने तयार असते.

तर आधी हिशोब. पटावर २२ रस्ते आणि ४ स्टेशनं, एकूण २६ थांबे. पब साधारण सकाळी ११ला उघडतात, रात्री ११च्या आसपास बंद व्हायला लागतात, म्हणजे हातात १२ तास. भागाकार केला की एका थांब्याला अठ्ठावीस मिनिटंसुद्धा येत नाहीत, आणि त्यातच चालणं, बस, ट्यूब म्हणजे इथली मेट्रो, बारवर नंबर लागायची वाट आणि बाथरूमची लाईन. ब्रिटिश पाइंट म्हणजे ५६८ मिली, अर्धा घेतला तरी २८४. गुणिले २६ केलं की जवळजवळ साडेसात लिटर होतं. हे मी ग्रुपवर टाकलं तर आमच्यातला कोल्हापूरकर म्हणे, "मग काय झालं, उन्हाळ्यात एवढं पाणी पितोच की आपण." त्याच्या बायकोने खाली फक्त एक डोळे वटारलेला इमोजी टाकला, विषय संपला.

मग मी नियम काढला. प्रत्येक रंगाला एक ड्रिंक, तेही हाफ. रंग आठ, म्हणजे आठ हाफ, म्हणजे दिवसभरात चार पाइंट, हे झेपतं. बाकी थांब्यांवर नुसता रस्त्याच्या पाटीसोबत फोटो. नाक मुरडणारे होतेच, हा काय क्रॉल आहे का, ही तर हेरिटेज वॉक झाली वगैरे. पण सेंट्रल लंडनमध्ये पाइंटला सहा-सात पाउंड सहज पडतात हे आठवल्यावर तेही गप्प झाले.

आता पटाची गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय हा रूट इतका येडावाकडा का आहे ते कळत नाही. मोनोपॉली अमेरिकेतून आली. इंग्लंडचे हक्क घेतले वॉडिंग्टन्स नावाच्या कंपनीने, आणि ही कंपनी लंडनची नाही, लीड्सची. १९३५च्या सुमारास कंपनीचे व्हिक्टर वॉटसन आणि त्यांची सेक्रेटरी मार्जरी फिलिप्स लंडनला आले, रस्ते निवडले आणि परत गेले. पुण्याहून डेक्कन क्वीनने येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या माणसाने मुंबईचा व्यापार बनवावा तसं हे झालंय. स्टेशनं बघा: किंग्ज क्रॉस, मेरिलबोन, फेनचर्च स्ट्रीट, लिव्हरपूल स्ट्रीट. पॅडिंग्टन नाही, वॉटर्लू नाही, व्हिक्टोरिया नाही. कारण ही चारही एलएनईआर या एकाच रेल्वे कंपनीची स्टेशनं, आणि लीड्सवाल्यांची रोजची गाडी त्याच कंपनीची. थेम्सच्या दक्षिणेचा अख्ख्या पटावर एकच रस्ता, ओल्ड केंट रोड. बाँड स्ट्रीट म्हणतात तो खरा ओल्ड आणि न्यू असा दोन तुकड्यांत आहे, मार्लबरो स्ट्रीट म्हणजे ग्रेट मार्लबरो स्ट्रीट, आणि मेफेअर हा तर रस्ताच नाही, अख्खा एरिया आहे.

आणि एंजल, इस्लिंग्टन. स्टेशनं सोडली तर पटावरचा हा एकच चौकोन असा की जो मुळात रस्ता नाही, बिल्डिंग आहे. जुन्या काळी घोडागाड्या थांबायच्या ती एंजल नावाची सराई, म्हणजे खाणं-पिणं-झोपणं सगळं. नंतर तिथे घुमटवाली इमारत आली आणि १९३५मध्ये त्यात लायन्स कंपनीचं चहाचं दुकान होतं. वॉटसन आणि फिलिप्स म्हणे तिथे चहा प्यायले आणि जागा पटावर टाकली, तशी पाटीही २००३ मध्ये लावलीय. म्हणजे सगळ्या पटावर नावापुरती जी एक सराई आहे, ती निवडली तीच मुळी चहावर. आमच्या ग्रुपमधल्या वहिनींना, ज्या थेंबही घेत नाहीत, हा मुद्दा फार आवडला आणि एंजलला आपण चहाच घ्यायचा असा त्यांनी ठराव मांडला, तो एकमताने पास पण झाला.

क्रमाचा वाद मात्र आठवडाभर चालला. कट्टर लोकांचं म्हणणं की पटावर जसं आहे तसंच जायचं, एक घरही इकडे तिकडे नाही. पण तसं केलं तर ट्रॅफाल्गर स्क्वेअरवरून उठून फेनचर्च स्ट्रीट गाठायचं, परत लेस्टर स्क्वेअरला यायचं, मग बाँड स्ट्रीट झाला की पुन्हा लिव्हरपूल स्ट्रीट, म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला नुसत्या येरझाऱ्या. मी सरळ नकाशा काढला आणि रंग सोडून जवळपास पकडलं. सुरुवात ओल्ड केंट रोड, तिथून बसने टॉवर ब्रिजवरून नदी ओलांडायची, व्हाइटचॅपल, मग फेनचर्च आणि लिव्हरपूल स्ट्रीट हातासरशी, तिथून ट्यूबने किंग्ज क्रॉस, पेंटनव्हिल रोड, एंजल, परत खाली यूस्टन रोड. दुपारचं जेवण यूस्टनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर, तिथे भेळ-डोसावाली शाकाहारी हॉटेलं आहेत त्यामुळे चतुर्थी, वार असले सगळे प्रश्न तिथेच मिटतात. मग मेरिलबोन, आणि इथे मला फार आनंद झाला कारण मेरिलबोनवरून बेकरलू लाईन पकडली की थेट चेरिंग क्रॉस, म्हणजे ट्रॅफाल्गर स्क्वेअरच्या पायाशी. पुढचं फ्लीट स्ट्रीटपर्यंत बसने जायचं आणि मग पश्चिमेकडे चालत चालत मेफेअरपर्यंत.

वार कुठला हा प्रश्न वाटतो तितका साधा नाहीये. शनिवार सगळ्यांना सोयीचा, पण सिटीमधले, म्हणजे बँका-इन्शुरन्सवाल्या भागातले बरेच पब शनिवार-रविवार बंदच असतात, कारण गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसवाले आणि ते वीकेंडला तिकडे फिरकत नाहीत. आणि फेनचर्च स्ट्रीटवर ईस्ट इंडिया आर्म्स नावाचा पब आहे! छोटासा, कोपऱ्यावरचा, विटांचा. ईस्ट इंडिया कंपनीचं हेडऑफिस इथून जवळच लेडनहॉल स्ट्रीटवर होतं, आता तिथे लॉइड्स या इन्शुरन्सवाल्यांची ती पाइपा-पाइपांची स्टीलची बिल्डिंग आहे. वसईचा तह, १८१८, पेशवाईचा शेवट, या सगळ्याचे कागद ज्या गल्लीत वाचले गेले तिथे मराठी ग्रुप जाणार आणि पब बंद म्हणून पाटीसोबत फोटो काढून येणार हे काही बरोबर नाही. म्हणून शुक्रवार ठरला, सगळ्यांनी सुट्टी टाकायची, आणि स्टेशनांवर फक्त फोटो या नियमाला हा एकच अपवाद. इतिहासाचा बदला हाफ पाइंटमध्ये कसा घेतात ते कोल्हापूरकर दाखवणार आहे असं तो म्हणतो.

आता खरी मजा. पब शोधत एकेक रस्ता पालथा घातला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली की पटावर भाव जसा चढत जातो तशी बिअर मिळणं अवघड होत जातं. साठ पाउंडवाल्या व्हाइटचॅपल रोडवर ब्लाइंड बेगर आहे, भर रस्त्यावर, मोठी पाटी, चुकूच शकत नाही. १९६६ला याच पबमध्ये रॉनी क्रे नावाच्या गँगस्टरने जॉर्ज कॉर्नेलला गोळी घातली, आणि त्याच्या शंभर वर्षं आधी याच पबच्या बाहेर विल्यम बूथ उभं राहून प्रवचन द्यायचा, ज्याने पुढे साल्व्हेशन आर्मी काढली. एकाच दारात दोन्ही टोकं. ओल्ड केंट रोडवर तर एकेकाळी पबांची रांगच होती, थॉमस अ बेकेट नावाच्या पबच्या वरच्या मजल्यावर हेन्री कूपर बॉक्सिंगची प्रॅक्टिस करायचा. आता ती इमारत आहे पण पब नाही, आणि बाकीचेही एकेक करत गेले, उरलेल्यातला जो त्या दिवशी अकराला उघडा असेल तो आपला. तिथे ट्यूबही नाही, बेकरलू लाईन पुढे न्यायची चर्चा वर्षानुवर्षं नुसती चालूच आहे.

फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँडपर्यंत सगळं सुखात. फ्लीट स्ट्रीटला ये ओल्ड चेशायर चीज, १६६६च्या मोठ्या आगीनंतर लगेच पुढच्या वर्षी पुन्हा बांधलेला, आत अंधार, लाकूड, खाली उतरत जाणाऱ्या खोल्या, आणि मोबाईल काढलेला त्यांना चालत नाही त्यामुळे फोटो बाहेरच उरकायचे. स्ट्रँडवरून चालताना डाव्या-उजव्या गल्ल्या सोडून फक्त एका ठिकाणी वळायचं ठरलंय, ह्यूटन स्ट्रीटला. तिथे एलएसई, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, बाबासाहेबांनी १९२३ला डीएस्सी मिळवली ते. हा थांबा पटावर नाही आणि तिथे ड्रिंक पण नाही, पण इतक्या जवळून जायचं आणि न थांबता जायचं हे कुणालाच पटलं नाही.

मग पॉल मॉल. इथे पब नाहीत. क्लब आहेत, खांबांचे, दारवानांचे, मेंबर नसाल तर पायरीवर पण उभं करणार नाहीत असे. बाँड स्ट्रीट, सगळी घड्याळं आणि हिरे. पार्क लेन, हॉटेलं आणि गाड्यांची शोरूम. ऑक्सफर्ड स्ट्रीट एवढा लांबलचक, त्याच्यावर अख्खा एक पब उरलाय, टॉटनहॅम कोर्ट रोडच्या टोकाला, फ्लाइंग हॉर्स. मी वैतागले होते, आणि मग मागच्या गल्ल्या बघायला लागले तर सगळे तिथेच. पॉल मॉलच्या मागे क्राउन पॅसेज म्हणून दोन माणसं शेजारी चालतील एवढीच वाट आहे, तिच्यात रेड लायन. पार्क लेनच्या मागे ओल्ड पार्क लेनवर रोज अँड क्राउन. बाँड स्ट्रीटच्या बाजूला ब्रूटन स्ट्रीटवर कोच अँड हॉर्सेस. या शेवटच्याचं नाव नुसतं वाचा, घोडे आणि गाड्या. मालक लोक समोरच्या रस्त्यावर क्लबात बसायचे आणि गाडीवान, खानसामे, घोडे सांभाळणारी पोरं मागच्या गल्लीत. मेफेअरला चार्ल्स स्ट्रीटवर एका पबचं नाव तर 'आय अ‍ॅम द ओन्ली रनिंग फुटमन' असं होतं, म्हणजे मालकाच्या घोडागाडीच्या पुढे पळत पळत रस्ता मोकळा करणारा नोकर, त्यातला शेवटचा उरलेला मीच, असं. पाटीवर अख्खं वाक्य! आता नाव छाटून नुसतं द फुटमन केलंय. चारशे पाउंडच्या सगळ्यात महाग चौकोनात आपण जे पिणार ते नोकरांच्या जागेतच, आणि आज तिथल्या बिलाला नोकराचा पगार पुरणार नाही हा भाग वेगळा.

नारिंगी रंग माझा आवडता. बो स्ट्रीट, मार्लबरो स्ट्रीट, व्हाइन स्ट्रीट, तिन्ही पोलीस-कोर्टाच्या जागा. लेखक ऑस्कर वाइल्डच्या गाजलेल्या बदनामीच्या प्रकरणात १८९५ला क्वीन्सबरीच्या मार्क्विसला, म्हणजे वाइल्डने ज्याच्यावर केस केली त्या उमरावाला, आधी व्हाइन स्ट्रीट चौकीत नेलं आणि मग मार्लबरो स्ट्रीटच्या कोर्टात उभं केलं, म्हणजे पटावरची शेजारशेजारची दोन घरं. बो स्ट्रीटचं कोर्ट २००६ला बंद झालं, आता तिथे भारीतलं हॉटेल आहे. व्हाइन स्ट्रीट म्हणजे पिकॅडिलीच्या मागची एक आखूड बंद गल्ली, काहीच नाही, पाटी शोधायलाच वेळ जातो, तिथे फोटो आणि पळ. आणि मार्लबरो स्ट्रीटच्या कोर्टाचं पण हॉटेल झालंय, पण त्यांनी जुन्या कोठड्या तशाच ठेवून त्याच बारमध्ये घेतल्यात. आमची जेल तिथे. दिवसभरात जो सगळ्यात जास्त वेळा उशीर करेल, हरवेल किंवा ऑफिसचा फोन घेईल, त्याने कोठडीत एक राऊंड स्वतःच्या खिशातून द्यायचा. लेस्टर स्क्वेअर, कॉव्हेंट्री स्ट्रीट, रीजंट स्ट्रीटबद्दल मी काही लिहीत नाही, गर्दी आहे, पार करायची.

राहिला पैशाचा प्रश्न. इथे पबमध्ये टेबलवर कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही, बारवर जाऊन उभं राहायचं, रांग दिसत नाही पण कोणाच्या आधी कोण आलं हे बारवाल्याला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना बरोबर माहीत असतं, मध्ये घुसलात तर कोणी बोलणार नाही पण बघतील. प्रत्येकाने एकेक राऊंड द्यायचा ही पद्धत, पण आमच्यात अर्धे हाफ पिणारे, दोघं बिनअल्कोहोलची बिअर पिणारे, वहिनी लाइम सोडावाल्या, त्यामुळे महिन्याभराने हिशोबावरून रुसवे नकोत म्हणून आधीच सगळ्यांचे सारखे पैसे एका पाकिटात. बँकर कोण यावर मतदान झालं. कोल्हापूरकराने स्वतःचं नाव सुचवलं आणि त्याला त्याचं स्वतःचं सुद्धा मत पडलं नाही, कारण बायकोने फोन घेऊन त्याचंही वहिनींना देऊन टाकलं. वहिनींनी पद स्वीकारलंय पण अट घातलीय की मेफेअरमधल्या शेपर्ड मार्केटच्या शेवटच्या थांब्याला पाकिटात जे उरेल ते बँकेचं, आणि तेव्हापासून ग्रुपवर बिनअल्कोहोलची बिअर हाफमध्ये स्वस्त पडते का यावर त्या रोज एक मेसेज टाकतायत.