सहीचा रिकामा रकाना

सिझेरियनने झालेल्या दुसऱ्या बाळंतपणाला 9 महिने होत नाहीत तोच घरात तिसऱ्या मुलाचे बोलणे सुरू झाले. बाळ झाल्यावर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान 24 महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे मी नवऱ्याला अनेकदा समजावले होते आणि त्याने कधी वाद घातला नव्हता. मात्र कपड्यांच्या घडीखाली ठेवलेले माझे गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट एके दिवशी नाहीसे झाले. लागोपाठ 3 गोळ्या चुकल्या, आणि त्याच दिवसांत एका रात्री माझा नकारही त्याने मानला नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी बाळाला गोवराची लस द्यायची होती. सासूबाई सोबत होत्याच. बाळ त्यांच्या मांडीवर देऊन, पोट दुखते आहे असे सांगून मी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या खोलीत शिरले. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतले आणि विचारले, "गोळ्या तुम्ही विसरलात, की कोणी घेऊ दिल्या नाहीत?" हे कोणी विचारील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते, उत्तर देताना मला रडू आवरले नाही.

असुरक्षित संबंधानंतर 5 दिवसांच्या आत तांबी बसवली तर गर्भधारणा टळू शकते आणि तीच पुढे 10 वर्षांपर्यंत काम करते, हे मला तेव्हा कळले. दर 3 महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनची घरात खूणही राहत नाही, पण प्रत्येक वेळी बाहेर पडायला निमित्त मी कोठून आणणार होते? तांबीचा दोरा नवऱ्याच्या लक्षात येईल, ही भीती मी बोलून दाखवली. बाईंनी तो गर्भाशयाच्या तोंडाशी आखूड कापला. त्यामुळे तांबी काढताना थोडे अवघड जाईल आणि तांबीमुळे पाळीत रक्तस्राव वाढू शकेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

परिचारिकेने फॉर्मवरील पतीच्या सहीचा रकाना दाखवला, तेव्हा बाई म्हणाल्या, "तो रिकामा राहू द्या. सही यांची हवी." मुले किती व किती अंतराने हवीत हे ठरवण्याचा स्त्रीला पुरुषाइतकाच हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1979 च्या महिलाविषयक करारातील कलम 16 सांगते, हे मी पुढे वाचले, त्या क्षणी माझ्या हातात पेन ठरत नव्हते.

बाहेर सासूबाईंनी "काय म्हणाल्या?" असे विचारले. "औषध दिलंय," एवढेच सांगून मी बाळ घेतले. पाळी 6 दिवस उशिरा आली, आणि ते 6 दिवस मी कोणालाही काही न सांगता काढले.